मागुरा बोट १:१०, अपडेट ४: एक मिसाईल गेल्यावर काय होतं

मंडळी, रविवारी सकाळी सहालाच मेहरुण तलावावर पोचलो, कारण जळगावात सध्या नऊनंतर उन्हात उभं राहवत नाही आणि मागच्या वेळी डिक्कीत राहून एक लिपो (बोटीची लिथियम बॅटरी) फुगली होती.

नवीन लोकांसाठी सांगतो, मी युक्रेनच्या मागुरा व्ही५ या बिनमाणसाच्या ड्रोन बोटीचं पाण्यात चालणारं मॉडेल करतोय. खरी साडेपाच मीटर लांब, दीड मीटर रुंद, माझी ५५ बाय १५ सेंमी. मिसाईल सागवानाच्या डमी आहेत, उडणारं काही नाही.

ही बोट आधी जहाजावर जाऊन आदळायची आणि तिथंच संपायची. मग तिच्यावर विमानं पाडणारी आर-७३ मिसाईल बसवली आणि ३१ डिसेंबर २०२४ ला क्रिमियाजवळ एमआय-८ हेलिकॉप्टर पाडलं असं युक्रेनने जाहीर केलं, मे २०२५ मध्ये सुखोई-३० पण, त्या वेळी मोठ्या मागुरा व्ही७ वरून सायडवाइंडर ही अमेरिकन मिसाईल मारली होती. आर-७३ म्हणजे आपल्या सुखोई आणि मिग-२९ ला लागते तीच, आणि आपल्या एअर फोर्सने समर या जमिनीवरून विमानं पाडायच्या सिस्टिममध्ये ती ट्रकवरून सोडायची सोय केलीये. ही मिसाईल समोरच्या विमानाच्या इंजिनाच्या उष्णतेमागे जाते, त्यामुळे छोट्या बोटीवर मोठं रडार लागत नाही. मोठं आरमार नसलेल्या देशाला हे फार मोलाचं आहे, कारण बोट मिसाईल सोडून परत येऊ शकते.

आता माझा सगळा जीव त्या परत येण्यात अडकलाय.

१:१० मध्ये लांबी दहापट कमी होते पण वजन हजारपट, म्हणजे खरी मिसाईल १०५ किलो तर माझी १०५ ग्रॅम. नुसतं सागवान ४३ ग्रॅमच भरलं, म्हणून आत भोक पाडून गळाचं शिसं ओतलं. बोट सगळी मिळून १ किलो. आधी नाकात खाली स्फोटकाच्या जागी वजन होतं, ते काढून दोन मिसाईल डेकच्या वर ठेवल्या की गुरुत्वमध्य वर सरकतो, पहिल्याच वळणावर बोट कलंडली आणि मला गुडघाभर पाण्यात उतरावं लागलं. बॅटरी तळाला चिकटवली तेव्हा सरळ झाली.

खरा घोळ पुढे आहे. एक मिसाईल काढली (म्हणजे सोडली असं समजा) की दुसऱ्या बाजूला बोट ७ अंश झुकते, मोबाईलच्या ॲपने मोजलं. दोन रेलमधलं (मिसाईल बसते त्या पट्ट्यांमधलं) अंतर ७ सेंमी होतं ते ४ वर आणलं तर झुकाव ४ अंशांवर आला, पण मग मागचे पंख एकमेकांना घासायला लागले, म्हणून एक मिसाईल ४५ अंश फिरवून बसवलीये. दिसायला खऱ्यासारखं नाही राहिलं, पण मला चालतं.

स्पीडसाठी दहाचं वर्गमूळ धरायचं. खरी ४२ नॉट म्हणजे ताशी ७८ किमी, तर माझी साधारण २५ किमीला पळायला पाहिजे, जीपीएसवर २१ आलेत, प्रोपेलर बदलून बघतो.

काठावर एक बाबा बराच वेळ बघत होते, शेवटी म्हणे "हाई काय शे भो?" सगळं समजावलं तर म्हणे एक सोडी दिधी की त्या रिकाम्या बाजूले पाणी भर ना. त्यांचा मुद्दा बरोबर आहे, पंपाने छोट्या टाकीत १०० मिली पाणी घ्यायची सोय होते का ते बघतोय, वजन वाढेल पण झुकणार नाही. तोपर्यंत पुढच्या रविवारी एकच मिसाईल ठेवून फुल स्पीडला डावं वळण.