पायोरिया बरा झाला, आता पुढची तारीख

मालवणात दातांच्या दवाखान्यात मी मदतनीस आहे. हत्यारं उकळून ठेवणं, कार्ड भरणं आणि पेशंटना फोन करून परत बोलावणं ही माझी कामं. त्यातलं फोन करण्याचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. कारण पायोरियाचे, म्हणजे हिरड्यांच्या आजाराचे, उपचार उत्तम झालेले दातही पुढे पडतात, आणि ते बहुतेक वेळा परत न फिरकणाऱ्यांचे असतात.

रक्त थांबतं, तोंडाचा वास जातो, माणसाला वाटतं सुटलो. पण झिजलेलं हाड बहुतेक परत येत नाही आणि जंतू काही आठवड्यांत हिरडीखाली पुन्हा बस्तान बसवतात. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी सफाई.

तपासणीच्या वेळी डॉक्टर खुणांची बारीक सळई हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत घालून तिची खोली मिलिमीटरमध्ये सांगतात, मी लिहिते. ‘तीन, दोन, तीन.’ ठीक. मध्येच ‘सहा, रक्त’ आलं की त्या दाताखाली मी लाल रेघ ओढते. उपचारानंतरही सहाची खोली राहिली तर तो दात धोक्यात असतो. त्यातही दाढा जास्त. त्यांना दोन-तीन मुळं. हाड उतरून मुळांची बेचकी उघडी पडली की तिथे नेहमीचा ब्रश पोचतच नाही. हलणारा दात, किंवा कवळीची तार ज्याला अडकवली आहे तो दात, यांच्यावरही आमचं लक्ष असतं.

अमेरिकेतल्या हर्शफेल्ड आणि वासरमन यांनी १९७८ साली ६०० पेशंटांचा अभ्यास छापला. उपचारानंतर सरासरी २२ वर्षं त्यांची नोंद ठेवली होती. त्यातल्या ३०० जणांचा हिरड्यांच्या आजाराने एकही दात गेला नाही. २५ जणांचे मात्र १० ते २३ दात गेले. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हापासून कार्ड काढताना मला तेच वाटतं: हा माणूस त्या २५ जणांत जाऊ नये.

आमच्याकडे तिकडे नेणारी मोठी वाट म्हणजे तंबाखू. बिडी-सिगारेटमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त फारसं दिसत नाही आणि आत हाड झिजत राहतं. बायकांची मिश्री वेगळी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने घासायची. त्या जागी हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलेलं मी रोज बघते. ‘मिश्रीने दात घट्ट होतात’ हे आईकडून ऐकलेलं असतं, त्यामुळे सोडवताना रागावून काही होत नाही. शेजारी बसून आरशात दाखवावं लागतं. दुसरी वाट मधुमेहाची. साखर ताब्यात नसली की हिरडी भरून येत नाही.

एक काकी परवा म्हणाल्या, “गो बाय, तुमी साफ केलात आणि दात हलाक लागले.” असं खूप जणांना वाटतं. खरं तर दगडासारख्या घट्ट किटणाने ते दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात. किटण निघालं की आधीपासूनचा सैलपणा कळतो. सूज उतरल्यावर फटीही दिसतात. काकींना मी फटीत घालायचा छोटा ब्रश दिला, तिथेच वापरून बघायला लावला.

तारखा देताना मी इथली वर्षाची घडी बघते. आंब्याच्या दिवसांत बागायतदार येणार नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा खलाशांना बोलवायचं; नारळी पौर्णिमेनंतर ते हाती लागत नाहीत. वाऱ्यामुळे होड्या किनाऱ्याला लागल्या की त्याच दिवशी फोन लावते. गणपतीला येणारे चाकरमानी मुंबईत सफाई करून आले तरी चालेल, फक्त तिथल्या डॉक्टरांना आमचं कार्ड दाखवा.

आणि मधुमेहवाल्यांनी येताना तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट आणावा. बोट टोचून त्या दिवशी बघितलेल्या साखरेवरून डॉक्टरांना पुरेसं कळत नाही.