जंताच्या गोळ्या आणि खारट पाणी

वाशीला माझी छातीची ओपीडी आहे, एपीएमसी मार्केट जवळ त्यामुळे माथाडी पेशंट भरपूर. त्यातलेच एक मामा, मूळचे माण तालुक्यातले, लहानपण सगळं मेंढरं आणि कुत्र्यांबरोबर गेलेलं. कोरडा खोकला जाईना, एक्स-रेवर दोन गोल गाठी, कोणीतरी टीबीची औषधं पण चालू करून झालेली (आपल्याकडे छातीत काही दिसलं की आधी टीबीच). सीटी केला तर दोन्ही फुफ्फुसांत पाण्याने भरलेल्या गाठी, मोठी ४ सेंमीची. हायडॅटिड. कुत्र्याच्या विष्ठेतली एका जंताची अंडी पोटात जाऊन होतो हा प्रकार.

सर्जन मित्र म्हणाला काढून टाकू, आणि त्याचं बरोबरच होतं, फुफ्फुसात ऑपरेशन हाच मुख्य इलाज. पण दोन्ही बाजू उघडायच्या, आणि मामा हटूनच बसले, "छाती फाडल्यावर गोणी कोण उचलणार?" गाठी लहान होत्या म्हणून मी अल्बेंडाझोलला (जंताच्या गोळीला) तयार झालो, ४०० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ, तेही तूप-तेलाच्या जेवणाबरोबर कारण रिकाम्या पोटी ती नीट अंगात उतरत नाही. केमिस्ट महिनाभराच्या गोळ्या देईना, जंताची गोळी एकदाच घेतात म्हणे! शेवटी मीच फोन केला.

मग एका सोमवारी भर ओपीडीत मामींचा फोन. "डॉक्टर, खोकताना यांच्या तोंडातून भसाभसा पाणी आलं, खारट म्हणतायत, आणि पांढरी सालं पडली."

गाठ फुटली होती. मला भीती सालांची नव्हती, त्या पाण्याने येणाऱ्या जोरदार ॲलर्जीची होती, त्यात बीपी कोसळून माणूस जाऊ शकतो. ॲड्रेनलिन (अशा ॲलर्जीवरचं इंजेक्शन) काढून ठेवलं आणि लगेच बोलावलं. मामा रिक्षातून उतरून स्वतः चालत आले, हातात प्लास्टिकचा डबा, त्यात उकडलेल्या अंड्याच्या पापुद्र्यासारखे तुकडे. दंडावर पित्त उठलेलं, बीपी मात्र ठीक. ॲडमिट केलं. एक्स-रेत गाठ अर्धी रिकामी आणि उरलेल्या पाण्यावर पापुद्रा तरंगताना स्पष्ट दिसत होता.

सर्जनचा फोन, "आता तरी देतोस का?" म्हटलं इन्फेक्शन झालं तर लगेच तुझ्याकडे. झालं नाही. ती गाठ आकसून आता नुसता व्रण राहिलाय. मध्ये एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) वाढलं म्हणून गोळ्या थांबवाव्या लागल्या, उतरल्यावर परत चालू केल्या.

हे ऐकून दुसरे पेशंट विचारतात, मग आम्हाला पण गोळ्याच द्या ना. दहा सेंमीची गाठ असेल तर मी स्वतः सर्जनकडे पाठवतो, एवढी मोठी गोळ्यांवर असताना फुटली तर निभावणं अवघड. मामांची दुसरी गाठ अजून आहे, लहान झालीये, गोळ्या चालू, रक्ताच्या तपासण्या चालू, आणि तूप खाऊन वजन वाढलं ही मामींची तक्रारही चालू.