स्की जंपिंग: पाच मीटरपासून चाळीस मीटरपर्यंत

शिकागोच्या वायव्येला फॉक्स रिव्हर ग्रोव्ह नावाचं छोटं गाव आहे. नॉर्वेहून आलेल्या लोकांनी १९०५ साली सुरू केलेला नॉर्ज स्की क्लब तिथे आजही चालू आहे. मला तो कळला २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमुळे. अमेरिकेच्या पुरुष संघात चार स्की जंपर होते आणि त्यातले तिघे, केविन बिकनर, मायकेल ग्लासडर आणि केसी लार्सन, या एकाच क्लबचे. मक्याच्या सपाट शेतांच्या इलिनॉयमधून हे कसं घडलं, या कुतूहलापोटी मी एका रविवारी तिथली स्पर्धा बघायला गेले. पुढे बऱ्याच काळाने, पस्तिशी उलटल्यावर, स्वतः शिकायला लागले.

क्लबच्या हिल, म्हणजे उडीसाठी बांधलेले उतार, ५, १०, २५, ४० आणि ७० मीटरच्या आहेत. हा आकडा उंचीचा नसतो. जिथून हवेत झेपावतात त्या टेकऑफच्या कडेपासून, खालचा उतार जिथे सपाट व्हायला लागतो त्या के-पॉइंटपर्यंतचं ते अंतर. नवशिक्याची सुरुवात पाच मीटरवर होते, वय काहीही असो. मला आधी एवढंच विचारलं गेलं की सरळ उतारावर वळणं न घेता खाली येता येतं का आणि नीट थांबता येतं का. विस्कॉन्सिनच्या छोट्या टेकड्यांवर काही हिवाळे स्कीइंग केलं होतं, त्यामुळे ते जमलं. पहिल्या उड्या साध्या स्कीवरच मारल्या, टाचा बांधलेल्या बुटांतच.

टीव्हीवर बघताना वाटतं की तो लांबलचक उतार शेवटी वर वळतो आणि माणसाला हवेत भिरकावतो. प्रत्यक्षात टेकऑफची पट्टी खालीच उतरती असते, मोठ्या हिलवर दहा-अकरा अंशांनी. वर नेणारं तिथे काहीच नाही. पायांनी जोर लावायचा तो आपणच, कडेच्या अगदी शेवटच्या क्षणी, आणि तोही पुढच्या दिशेने. इथेच सगळं अडतं. पायाखालची जमीन संपते आहे हे दिसलं की शरीर आपसूक मागे जातं. मागे गेलं की स्कीची टोकं वर उचलली जातात, हवा समोरून अडवते आणि उडी तिथेच मरते. माझ्या मते या खेळातलं सगळं प्रशिक्षण या एका सवयीविरुद्ध आहे. बाकी गोष्टी मागून येतात.

मला यात मदत झाली विहिरीची. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी पाठीला डबा बांधून पोहायला शिकले आणि नंतर काठावरून सूर मारायला. सूर मारताना जो क्षण मन घट्ट करून पार करावा लागतो, तोच इथे आहे. फरक एवढाच की तिथे डोकं आधी जातं. इथे मान न वाकवता कंबर आणि छाती पुढे न्यायची.

ही हालचाल जमिनीवर शेकडो वेळा घोटतात. इनरनच्या, म्हणजे टेकऑफकडे घसरत येतानाच्या, बैठकीत बसायचं: छाती मांड्यांवर, हात मागे अंगालगत, टाचा टेकलेल्या, गुडघे पावलांच्या पुढे. मग समोर उभ्या कोचकडे झेप घ्यायची आणि त्याने कमरेला धरून हवेत आडवं तोलायचं. घरी नवरा बेसमेंटमध्ये जाड गादी टाकून हे काम करायचा. बैठकीसाठी घोटा खूप वाकावा लागतो. माझ्याबरोबर शिकणाऱ्या प्रौढांना त्यासाठी महिनोन्महिने ताण द्यावा लागला. मी लहानपणापासून उकिडवी बसत आले, त्यामुळे ही एक गोष्ट मला आयती मिळाली. पायांतली ताकद मात्र नव्हती; ती स्क्वॉट्स आणि खोक्यावरच्या उड्यांनी हळूहळू आली.

दहा मीटरवर स्थिरावल्यावर खऱ्या जंपिंग स्की मिळाल्या, क्लबातल्याच जुन्या. त्या रुंद आणि लांब असतात. नियमाने कमाल लांबी उंचीच्या १४५ टक्के. बूट फक्त पुढे बांधलेला, टाच मोकळी. कडेला धातूची धार नाही, त्यामुळे वळताना आणि थांबताना सगळं नव्याने शिकावं लागतं. हातात काठ्याही नसतात.

सराव उन्हाळ्यातही चालतो, हे ऐकून आई-बाबांना नवल वाटलं होतं. उतारावर प्लास्टिकच्या दोऱ्यांचे हिरवे थर अंथरलेले असतात आणि त्यावर पाणी मारतात. ओल्या प्लास्टिकवर स्की छान सरकते, पण पडलं तर कातडी सोलवटते, म्हणून जुलैच्या उकाड्यातही पूर्ण सूट आणि हातमोजे. माझी बहुतेक प्रगती उन्हाळ्यातलीच आहे. बर्फात थंडीने बोटं बधिर होतात आणि उड्या कमी होतात.

पंचवीस मीटरवर मी दोन उन्हाळे काढले. घाई नव्हती आणि कोचही करू देत नव्हता. तिथे पहिल्यांदा हवेचा आधार जाणवला: छाती पुढे राहिली की खालून काहीतरी भक्कम उचलून धरतं. समोरून येणारा वारा जंपरला हवाच असतो, तो वर तोलतो; पाठीमागचा वारा खाली दाबतो. म्हणून उताराच्या माथ्यावरच्या, सुटण्याआधी बसायच्या बारवर बसल्यावर कोचने झेंडा खाली केल्याशिवाय सुटायचं नाही.

रांगेत माझ्या पुढेमागे दहा-बारा वर्षांच्या मुली असतात. पुरुषांचं स्की जंपिंग १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून आहे. बायकांसाठी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आली २००९ मध्ये, लिबेरेत्सला, आणि ते पहिलं सुवर्ण अमेरिकेच्या लिंडसी व्हॅनने जिंकलं. ऑलिंपिक त्यानंतर, २०१४ ला, सोचीत. नव्वद वर्षं! आपल्याला कधी कुणी अडवलं असतं हे या मुलींच्या डोक्यातही येत नाही, आणि त्यांना ४० मीटरवरून बेधडक जाताना बघून मला फार बरं वाटतं.

गेल्या सप्टेंबरपासून मीही ४० वर आहे. पहिल्या उडीआधी जिन्यावरून वर जाताना तळहातांना घाम होता, पण बैठकीत बसल्यावर पायांना काम ठाऊक होतं. इथे स्कीची टोकं फाकवून व्ही करायला थोडा वेळ मिळतो. १९८० च्या दशकात स्वीडनचा यान बोकलेव असा उडायचा तेव्हा पंच शैलीचे गुण कापत, तरी १९८८-८९ चा विश्वचषक त्यानेच जिंकला. माझा व्ही अजून अरुंद आहे. लांब उडीत के-पॉइंटच्या थोडं अलीकडे उतरते.

सध्या काम चालू आहे टेलीमार्कवर, म्हणजे एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, हात पसरलेले अशा उतरण्यावर. स्पर्धेत पाच पंच शैलीला प्रत्येकी २० पैकी गुण देतात, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण सोडून देतात. टेलीमार्क नसेल तर तिथेच गुण जातात. मला उजवा पाय पुढे घेऊन जमतं, पण जमिनीजवळ आल्यावर दोन्ही पावलं पुन्हा एकत्र येतात. म्हणून हे दिवस परत दहा मीटरवर जाते, तिथे फक्त उतरणं घोटते, आणि सरावाच्या शेवटच्या दोन-तीन उड्या चाळीसवर मारते.