टाळूतून दिसतं तेवढंच

आज राउंडला २८व्या आठवड्यातच जन्मलेल्या बाळाच्या बाबांनी विचारलं, "मॅडम, शुगर, कावीळ सगळं रक्तातून कळतं, मग मेंदूला काही झालंय का ते का नाही कळत?"

प्रश्न रास्त आहे. आम्ही टाळूवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून बघतो. मेंदूतला रक्तस्राव बहुतेकदा पहिल्या तीन दिवसांत होतो आणि तो दिसतोही. पण पांढऱ्या भागातली बारीक, पसरलेली इजा सोनोग्राफीतून निसटते. तिच्यासाठी एमआरआय, तोही साधारण मूळ प्रसूतीच्या तारखेच्या आसपास. म्हणजे आईबापांनी महिने-महिने नुसती वाट बघायची!

रक्तातून काहीच कळत नाही असं नाही. मेंदूची पेशी दुखावली की तिची प्रथिनं रक्तात झिरपतात. जीएफएपी, न्यूरोफिलामेंट लाइट, एस१००बी अशी नावं संशोधनात सतत येतात. प्रौढांच्या डोक्याच्या मारासाठी जीएफएपी मोजणारी चाचणी अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यही झाली. बाळांचं गणित मात्र वेगळं. एस१००बी चरबीतूनही येतं. न्यूरोफिलामेंट नॉर्मल प्रसूतीनंतरही वाढलेलं असू शकतं. मग 'जास्त' कशाला म्हणायचं? शिवाय ९०० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात रक्तच जेमतेम ८० मिली, त्यातला प्रत्येक थेंब आम्ही मोजून घेतो. (सिस्टर तर माझ्याकडे दरोडेखोरासारखं बघतात.)

बाबांना हे सगळं सांगितलं नाही. म्हटलं, शोध चालू आहे, रोजच्या वापरात अजून आलेलं नाही. यावर त्यांचा पुढचा प्रश्न तयार, "मग पुढची सोनोग्राफी कधी?"

उद्या. आणि कांगारू केअरला, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून, आईइतकंच तुम्हीही बसायचंय, हेही सांगून टाकलं.