रिठ्याच्या कुळातला

आमच्या मागच्या अंगणात ऊन येत नाही. म्हणजे जूनच्या सुमारास सकाळी तासभर येतं, कुंपणावर टेकतं आणि पुढच्या घरी जातं. बाकी वेळ तीन डग्लस फरांचं राज्य. सिएटलजवळ हे घर घेताना त्या उंच झाडांवरच आम्ही भाळलो होतो. त्यांच्याखाली टोमॅटो धरत नाही, हे हप्ते सुरू झाल्यावर कळलं. तुळस मी दर मे महिन्यात नवी आणते आणि तिच्याबद्दल पुढे काही बोलत नाही.

त्या कोपऱ्यासाठी वाइन मेपल आणला. नावातलं ‘वाइन’ म्हणजे वेल, पण हा वेल नव्हे. झाडच आहे, पण सरळ उभं राहायचा त्याला कंटाळा. फांद्या उजेडाच्या कवडशाकडे झुकतात, वाकतात, कधी थेट जमिनीवर कोपर टेकतात. ब्रिटिश कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत, समुद्राकडच्या डोंगरांत, मोठ्या झाडांच्या पायाशी हा वाढतो. पंधरा-वीस फूट झाला की त्याच्या दृष्टीने खूप झालं. पूर्वी फ्रेंच-कॅनेडियन वाटसरू याला सैतानाचं लाकूड म्हणत, कारण आडव्या फांद्यांत पाय अडकून माणसं तोंडावर पडत. कारवीच्या रानात ज्यांची वाट चुकलीय, त्यांना ही शिवी कुठून आली ते सांगायला नको.

खड्डा खोल नको, रुंद घे, असं नर्सरीतल्या बाईंनी बजावलं होतं. खोड जिथे मुळांकडे पसरायला लागतं ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे, आणि भुशाचा थर खोडाला चिकटू द्यायचा नाही. ऑक्टोबरात, पाऊस सुरू झाल्यावर लावलं. सगळं शहाण्यासारखं केलं. मग उन्हाळ्यात माती खाल्ली.

सिएटल म्हणजे पाऊस, असं सगळं जग समजतं, मीही समजत होते. पण इथला पाऊस हिवाळी. जुलै-ऑगस्टमध्ये, आपल्याकडे गटारं तुंबतात तेव्हा, इथे जमीन कोरडी ठक्क. त्यातून फराखालची माती: वरून फांद्या पाऊस झेलतात, खालून मुळं ओल पितात. सावली आहे म्हणजे ओलावा असणारच, हा माझा पुणेरी हिशोब. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा करपलेल्या पापडासारख्या झाल्या. तेव्हापासून पहिली तीन वर्षं आठवड्यातून एकदा नळी बारीक सोडून बुंध्यापासून हातभर दूर ठेवायची आणि चहा होईपर्यंत विसरायची. चहा दोनदा झाला तरी चालतं.

पण माझी खरी तक्रार रंगाची होती. हे झाड मी घेतलं ते स्नोक्वाल्मी घाटात पाहून. सप्टेंबरअखेर त्या घाटात दगडांच्या उघड्या उतारांवर वाइन मेपल असा पेटतो की गाडी चालवणाऱ्याला मागे बसलेल्यांनी ‘समोर बघ’ म्हणावं लागतं. तसा लाल मला दारात हवा होता. पहिल्या वर्षी पानं पिवळी झाली. दुसऱ्या वर्षीही. कुंकू मागितलं, पदरात हळद.

मग वाचलं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा ओसरला की उघडा पडतो. लाल तसा नाही. तो झाड शरदात नव्याने बनवतं, आणि त्याला पानातली साखर लागते, भरपूर ऊन लागतं. घाटातल्या झाडाला दिवसभर ऊन मिळतं. माझ्याकडच्याला मिळतो कुंपणावरून परतलेला तासभर. उपाय एकच होता, फर तोडायचे. तो उपाय मी नवऱ्यासमोर एकदाच बोलून दाखवला.

आई मागच्या उन्हाळ्यात साताऱ्याहून आली, तेव्हा तिला मी हे सगळं रीतसर समजावलं. या झाडाचे जवळचे भाऊबंद जपान, कोरिया, चीनकडचे, अमेरिकेत त्या शाखेतला हा एकटाच. पूर्वी मेपलांचं कूळ वेगळं मानत, आता ते रिठ्याच्या कुळात धरतात.

“रिठ्याच्या? मग याने केस धुता येतात का?”

“नाही गं.”

“मग कसला रिठ्याचा.”

कोशिंबही त्याच कुळातला, हे सांगितल्यावर मात्र ती खुलली. तिच्या माहेरच्या वाटेवर एक कोशिंब होता. होळीच्या पुढेमागे त्याची कोवळी पालवी इतकी लाल फुटायची की लांबून फुललाय असं वाटावं. “आमचा येताना लाल होतो, तुमचा जाताना,” ती म्हणाली. आणि माझ्या झाडाकडे बघून, “हा तर जातानाही नाही.”

तिने चष्मा वर सरकवून एक फांदी जवळ ओढली. पान तळहाताएवढं, जवळजवळ गोल, नऊ टोकांचं. तिने ती बोटाने मोजली. खाली बियांची जोडी लटकत होती, दोन पंख अगदी आडवे, एका रेषेत. थोरल्या पानांच्या दुसऱ्या मेपलाचे पंख खाली झुकतात. याचे ताठ, पीळ दिलेल्या मिशीसारखे. “अण्णांची मिशी,” आई म्हणाली. अण्णा म्हणजे माझे आजोबा. फोटोत आहेत तसेच.

बी रुजवायचा नाद मी केव्हाच सोडला होता. तिला आधी ऊब, मग दीर्घ थंडी लागते, आणि तेवढ्यात खारी येऊन जातात. आईने बीकडे पाहिलंही नाही. जमिनीला टेकलेली एक फांदी तिने हेरली, नखाने तिची साल जराशी खरवडली, माती ओढली आणि ओढ्यातून आणलेला एक चपटा दगड वर ठेवला. दाब कलम. जंगलात हे झाड स्वतःहून हेच करतं, हे मी तिला सांगितलं नाही.

ती ऑक्टोबरात परत गेली. झाड पिवळं झालं, करड्या पावसाळी उजेडात त्या कोपऱ्यात कुणी दिवा विसरून गेल्यासारखं. दर रविवारी फोनवर ती गुडघ्यांच्या आधी दगडाचं विचारते. हलवू नकोस, म्हणते. परवा मी हळूच बोटाने फांदी उचलून बघितली. उचलली गेली नाही.