नोकरी सांभाळून संगणक दुरुस्ती: माझा अनुभव

२०२१ च्या पावसाळ्यात मी पुण्यातल्या आमच्या घराच्या बंदिस्त गॅलरीत एक जुने टेबल मांडले आणि नोकरी सांभाळून संगणक दुरुस्तीचे काम घ्यायला सुरुवात केली. कार्यालयात बरीच वर्षे सहकाऱ्यांचे संगणक मीच बघत असल्यामुळे हात बसलेला होता, त्यामुळे हत्यारे घेतली आणि नोंदणी केली की झाले, असा माझा समज होता.

नोंदणी खरोखरच सोपी निघाली. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार क्रमांकावर घरबसल्या आणि विनाशुल्क होते. तिच्यात राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणातला ९५११ हा संगणक दुरुस्तीचा वर्ग निवडायचा असतो. पैसे घेऊन तेच प्रमाणपत्र काढून देणारी खाजगी संकेतस्थळे सरकारी असल्यासारखी दिसतात, तेवढे सांभाळावे. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि माझ्यासारख्याला ती मर्यादा फार लांबची आहे. माझ्या नेमणूकपत्रात दुसरे काम करण्याविषयी अट होती, म्हणून कार्यालयाची लेखी परवानगी मात्र मी आधी घेतली.

सामान पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणले: बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच, मल्टिमीटर, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट, सफाईसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि हार्ड डिस्क बाहेरून जोडायची केबल. मात्र पहिल्या दोन महिन्यांत सर्वांत जास्त कामाला आला तो मुलीच्या कंपासपेटीतला खोडरबर, कारण दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर साचून ‘चालू होतो, पण डिस्प्ले येत नाही’ अशी तक्रार घेऊन येणारे संगणक त्या पट्ट्या घासून पुसल्या की बहुधा सुरू होत. त्याखालोखाल काम असे ते मंदावलेल्या लॅपटॉपचे. त्यांतली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली की ग्राहकाला नवा लॅपटॉप घेतल्यासारखे वाटे. ‘फुकटातले विंडोज टाकून द्या’ ही विनापरवाना प्रतीची मागणी मी पहिल्यापासून नाकारली आणि त्यापायी काही ग्राहक गेले. वास्तविक अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये मूळ परवाना मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरच, नोंदलेला असतो आणि तीच आवृत्ती पुन्हा टाकली की तो आपोआप लागू होतो.

चौथ्या महिन्यात माझ्या हातून मोठी चूक झाली. जवळच्या एका किराणा दुकानदारांचा संगणक व्हायरसमुळे अडकला होता. त्यांच्या फोल्डरमधली सगळी कागदपत्रे आणि फोटो मी बाजूला काढले, डिस्क फॉरमॅट केली, विंडोज नव्याने टाकले आणि समाधानाने संगणक पोचवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, ‘साहेब, टॅलीत काहीच दिसत नाही.’ त्यांच्या टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये नव्हता, सी ड्राइव्हवरच्या पब्लिक फोल्डरमध्ये होता, आणि तिकडे मी पाहिलेच नव्हते. त्यांच्या हिशेबनिसांकडे महिन्याभरापूर्वीची प्रत निघाली म्हणून निभावले. मधल्या दिवसांच्या नोंदी मी दोन रविवार त्यांच्या दुकानात बसून बिलांवरून पुन्हा भरल्या आणि अर्थातच पैसे घेतले नाहीत. ते एका शब्दानेही रागावले नाहीत, हे मला अधिक लागले.

तेव्हापासून मी छापील पावतीशिवाय संगणक ताब्यात घेत नाही. संगणक आला तेव्हा तो कोणत्या स्थितीत होता, तक्रार ग्राहकाच्या शब्दांत काय आहे, हिशेबाची किंवा अन्य कोणती सॉफ्टवेअर आहेत आणि बॅकअप कोठे आहे, हे त्यावर लिहून सही घेतो. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असेल तर ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की ग्राहकाच्या हाती असल्याखेरीज मदरबोर्डला किंवा त्यावरच्या बायोसला (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीला) हात लावत नाही. फॉरमॅट करण्यापूर्वी संपूर्ण डिस्कची प्रत काढतो आणि ती पंधरा दिवस ठेवून पुसून टाकतो. तपासणीचे २०० रुपयेही पावतीवरच लिहिलेले असल्यामुळे, ओळखीच्या माणसाकडे पैसे मागताना मला वाटणारा संकोच बराच कमी झाला आहे. त्याआधी कितीतरी कामे चहावर सुटली होती.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित अद्ययावतीकरण थांबले आणि त्याच्या आगेमागे जुन्या संगणकांची रीघ लागली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागत असल्यामुळे त्यांतल्या अनेकांना मला नकार द्यावा लागला. ज्यांचे काम केवळ इंटरनेट आणि पत्रव्यवहार एवढेच होते, त्यांच्यापैकी काहींना विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवून दिली. मदरबोर्डवरच्या चिपचे काम मी घेत नाही, ते शहरातल्या एका कारागिराकडे पाठवतो. संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ आणि रविवारी सकाळी, एवढ्या वेळात आठवड्याला तीन-चार संगणक होतात, आणि त्याहून जास्त मी घेतही नाही.