ठाणे, कळवा, तुर्भे: मॉडेलसाठी जुना रूळमार्ग वाचताना

मॉडेल रेल्वेच्या नादाला लागलेले आपण बहुतेक जण सुरुवात इंजिनापासून करतो. मग डबे, मग स्टेशन, आणि शेवटी उरलेल्या पैशांत बाजारातून आणलेला तयार ट्रॅक. माझं ठाम मत याच्या उलट आहे. कोणतं साल दाखवायचं ते आधी ठरवा आणि त्या सालचा रूळमार्ग नीट समजून घ्या. इंजिन चाळीस वर्षं धावतं, पण पायाखालचा मार्ग तेवढ्या काळात दोनतीनदा बदलतो. बघणाऱ्याला साल खरं सांगतो तो रूळ.

मला १९७०च्या दशकातलं कळवा करायचं आहे. धीम्या गाड्यांचे दोन मार्ग, एक सायडिंग (मुख्य मार्गाला फुटलेला बाजूचा रूळ) आणि मागे पारसिकचा डोंगर. त्यासाठी ठाणे आणि नवी मुंबईत जे हिंडलो, त्याचा हा वृत्तांत.

सुरुवात ठाणे स्थानकापासूनच करावी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी इथे पोहोचली. अंतर सुमारे ३४ किलोमीटर, डबे १४, पाहुणे ४००. हा इतिहास सगळ्यांना पाठ असतो, मार्ग कसा होता हे मात्र कोणी विचारत नाही. त्या काळातले रूळ पोलादाचे नव्हते, घडीव लोखंडाचे होते. वरखाली सारखंच डोकं असलेले दुतोंडी रूळ तेव्हा बरेच वापरत. ते बिडाच्या खुर्चीत, म्हणजे रूळ धरणाऱ्या बैठकीत, बसवून लाकडी पाचरीने आवळायचे. एक बाजू झिजली की उलटून दुसरी वापरायची, असा हिशेब होता. तो फसला, कारण खुर्चीत टेकून टेकून खालच्या डोक्याला खड्डे पडत आणि उलटलेल्या रुळावर गाडी हादरत जाई. रुळाखाली आडव्या टाकलेल्या लाकडी स्लीपरला आपल्याकडे वाळवी लागे, म्हणून उपड्या वाडग्यासारखे बिडाचे पॉट स्लीपरही हिंदुस्थानात मोठ्या प्रमाणावर आले. १८५३ चं मॉडेल करणाऱ्याने आजचा सपाट पायाचा रूळ टाकला, तर पुढे कितीही सुंदर इंजिन ठेवलं तरी ते चित्र खोटं पडतं.

स्थानकात जुनं काय उरलंय ते शोधायला रुळांकडे नाही, खांबांकडे बघा. निवृत्त झालेला रूळ रेल्वे टाकून देत नाही. तो कुंपणाचा खांब होतो, छपराचा आधार होतो. रुळाच्या पोटावर, म्हणजे मधल्या उभ्या भागावर, कारखान्यात उठवलेली अक्षरं असतात: काट (रुळाचा प्रकार), कारखान्याचं नाव, महिना, वर्ष. कोपरीच्या बाजूला कुंपणाच्या एका खांबावर रंगाच्या थरांखाली ‘९० आर’ एवढं मला बोटाने चाचपून लागलं. नजरेला ते दिसत नव्हतं. मोबाइलचा दिवा अगदी आडवा धरला तेव्हा उठावाची सावली पडली आणि अक्षरं वाचता आली. वर्षाचे आकडे गंजाने खाल्ले होते. ९० आर म्हणजे यार्डाला ९० पौंड वजनाचा रूळ, मीटरला साधारण ४४.६ किलो. उंची १४३ मिलिमीटरच्या आसपास. नंतरचा ५२ किलोचा रूळ १५६ मिलिमीटर आणि आजचा ६० किलोचा १७२. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे लागतील.

फलाटावर मोबाइलने, ट्रायपॉड न लावता, टोकाच्या उताराच्या अलीकडे थांबून फोटो काढले तर सहसा अडचण येत नाही. तरी आधी स्टेशन मास्तरांच्या कचेरीत जाऊन काय करतोय ते सांगावं, हे बरं. आपल्या लेआउटचे, म्हणजे टेबलावर मांडलेल्या मॉडेलचे, फोटो मोबाइलमध्ये ठेवा; पोलिसांनी हटकलं तर शंभर शब्दांपेक्षा ते दोन फोटो कामाला येतात. फलाट तिकीट दहा रुपयांचं आणि दोनच तासांचं असतं, तेव्हा लोकलचं तिकीट काढून पुढे सरकत राहणं सोयीचं. आणि मोजमापासाठी रुळावर पाऊल टाकायचं नाही, कितीही मोह झाला तरी. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जिवाची गोष्ट तर त्याच्याही आधीची.

खाली उतरायची गरजही नाही. आजच्या काँक्रीट स्लीपरची लांबी २७५० मिलिमीटर आणि किलोमीटरला १६६० स्लीपर, म्हणजे मधलं अंतर साधारण ६० सेंटिमीटर. फोटोत दहा स्लीपर मोजले की सहा मीटरची मोजपट्टी आपोआप हातात येते. त्यावरून सिग्नलची पेटी, फलाटाची कड, गटार, सगळं काढता येतं. फोटोत विजेच्या खांबावरची पाटीही येऊ द्या. तिच्यावरचा पहिला आकडा किलोमीटरचा असतो, त्यामुळे सहा महिन्यांनी फोटो उघडला तरी जागा कुठली हे विसरत नाही.

या भटकंतीतला सगळ्यात मोलाचा वेळ गेला तो कोपरीतल्या एका निवृत्त चावीवाल्या (रूळ आवळून धरणाऱ्या चाव्या, म्हणजे पाचरी, तपासणाऱ्या) काकांकडे. शेजाऱ्यांनी ओळख करून दिली. मी वहीतलं चित्र पुढे केलं, त्यात सगळ्या मार्गांवर सीएसटी-९ स्लीपर काढले होते. जुन्या भारतीय मार्गाची तीच ओळख: प्रत्येक रुळाखाली बिडाची वेगळी प्लेट, तिच्या पंखांखाली उपड्या वाट्या, आणि दोन प्लेटांना जोडणारी लोखंडी पट्टी. खडी भरली की वरून अखंड स्लीपर दिसतच नाही. रुळाखाली काळपट बेटांची रांग, मधे पट्टीची एखादी धार.

काकांनी चित्र लांब धरून पाहिलं. “सायडिंगला ठीक. मेन लाइनला हे कसं चालेल? सिग्नल कसा पडणार?”

मग त्यांनी समजावलं. उपनगरी मार्गावर सिग्नल आपोआप चालतात, त्यासाठी रुळांतून सौम्य वीज खेळवलेली असते. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, आणि मागचा सिग्नल लाल होतो. सीएसटी-९ ची पट्टी तर गाडी नसतानाही दोन्ही रूळ जोडूनच ठेवणार. म्हणून अशा मार्गावर लाकडी स्लीपर. सायडिंगला, जिथे रुळांत सर्किट नाही, तिथे बीड.

“आणि तिथंसुद्धा सांध्याला लाकूडच,” ते म्हणाले. “सांध्यावर चाक आपटतं. बीड फुटतं.”

या दोन वाक्यांनी माझ्या लेआउटचं रूप पालटलं. शेजारी शेजारी दोन वेगळे पोत आले: मुख्य मार्गावर तेलकट करडं लाकूड, बाजूला गंजलेली बेटं आणि दर सांध्याला लाकडाची जोडी. मी त्यांना चावीबद्दलही विचारलं. रोज हातोडा घेऊन ठरलेला पट्टा चालायचा, सुटलेली चावी ठोकायची, हे त्यांचं काम. “वाजवली की कळतं. घट्ट असली तर ठोका हातात परत येतो. सैल असली तर नुसती खडखडते.” चहा संपला तरी ते बोलत होते, आणि मी वही मिटली नव्हती. तुमच्या ओळखीत कोणी जुने ट्रॅकमन, मुकादम किंवा सांधेवाले असतील, तर बाकीची सगळी यादी बाजूला ठेवून आधी त्यांना भेटा. जुने फोटो सोबत न्या आणि नेमक्या जागेवर बोट ठेवून विचारा. “तेव्हा कसं होतं?” असं मोघम विचारलं की उत्तरही मोघमच येतं.

कळवा आणि मुंब्रा हा भाग डोंगर आणि खाडी यांच्यासाठी पाहायचा. १ मे १८५४ ला मार्ग कल्याणपर्यंत गेला तो पारसिकच्या डोंगराला वळसा घालून, मुंब्र्यावरून. डोंगराच्या पोटातला सव्वा किलोमीटरहून लांब पारसिक बोगदा १९१६ चा. म्हणजे लेआउट त्याआधीच्या काळाचा असेल तर बोगद्याचा तो रस्ता दाखवायचाच नाही. दगडाचा रंग मात्र काळानुसार बदलत नाही: काळा बेसाल्ट, पावसानंतर शेवाळी. खडीही तीच, पण फलाटालगत गाड्या ब्रेक लावतात तिथे लोखंडी भुकटीने ती विटकरी दिसते आणि दोन स्थानकांच्या मधे करडी राहते. हा फरक मॉडेलमध्ये जरूर आणा. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा. डोक्यावरच्या उन्हात खडी सपाट दिसते. रविवारी मेगाब्लॉक असेल तर गर्दीचे हाल होतात, पण काम चालू असलेल्या मार्गाशेजारच्या फलाटावरून क्लिप, रबरी पॅड आणि स्लीपर उघडे पडलेले बघायला मिळतात. पावसाळा टाळा.

ठाण्यात परत आल्यावर कागदपत्रांसाठी वेळ ठेवा. स्थानकापासून जवळच १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. वेळा विचारून जा आणि विषय नेमका सांगा. ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं गॅझेटियर आंतरजालावर मोफत वाचता येतं. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी १८६० मध्ये लंडनला अभियंत्यांच्या संस्थेपुढे या मार्गाच्या बांधणीवर निबंध वाचला होता, तोही शोधा. ज्याने मार्ग बांधला त्याच्याच शब्दांत ते वाचणं वेगळंच.

तिथून नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्सहार्बरने तुर्भे. ठाणे–वाशी मार्ग २००४ चा, त्यामुळे जुनं शोधायला इथे येऊ नका. आजचा काळ करणाऱ्यांसाठी मात्र हा स्वच्छ नमुना आहे: सलग जोडलेले रूळ, काँक्रीट स्लीपर, मोकळं आकाश, आणि पादचारी पुलावरून मिळणारा वरचा कोन. ऐरोली, घणसोली घाईत सोडून दिलं तरी चालेल.

आता मापांचं, कारण तिथेच बहुतेकांचं अडतं. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा, १६७६ मिलिमीटर. एचओ या मॉडेल-मापाच्या १:८७ प्रमाणात तो १९.३ मिलिमीटर यायला हवा, पण बाजारातला ट्रॅक १६.५ चा, स्टँडर्ड गेजसाठीचा. त्यावर उभा केलेला आपला डबा अरुंद पायांवर तोल सांभाळत असल्यासारखा दिसतो. एका फुटाला चार मिलिमीटर धरले तर गेज बरोबर २२ येतो, पण सगळा ट्रॅक हाताने करावा लागतो. फुटाला तीन मिलिमीटर धरले तर? साडेपाच गुणिले तीन, साडेसोळा. म्हणजे १:१०१.६ या प्रमाणात बाजारातली १६.५ ची चाकं आपल्या ब्रॉडगेजला अचूक बसतात. शिवाय जुनी रेखाचित्रं फूट-इंचांत असतात, त्यामुळे हिशेब तोंडी होतो: लोकलचा बारा फुटी डबा ३६ मिलिमीटर रुंद. किंमत एवढीच, की डब्यांचे सांगाडे स्वतः करावे किंवा छापून घ्यावे लागतात. मी हाच रस्ता धरला आहे.

मॉडेलच्या रुळाचा कोड म्हणजे त्याची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत. या प्रमाणात ९० आर रूळ १.४ मिलिमीटर उंच, म्हणजे कोड ५५. ५२ किलोचा कोड ६० च्या जवळ, ६० किलोचा कोड ७० ला थोडा कमी. सर्रास मिळणारा कोड १०० चा रूळ मूळ मापात २५८ मिलिमीटरचा होईल. इतका उंच रूळ आपल्याकडे कुठेच नाही, तेव्हा तो घेऊच नका. जुना १३ मीटरचा रूळ १२८ मिलिमीटरचा येतो. एका रुळाखाली २० स्लीपर, सांध्याजवळचे थोडे जवळ जवळ. मी तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्या कापून दर पाचव्या जागी रूळ डाखतो आणि मधे खरं लाकूड चिकटवतो. पट्टीच्या मधोमध तांबं खरवडायला विसरू नका, नाहीतर काकांनी सांगितलेलं शॉर्ट सर्किट टेबलावरच होईल.

ज्यांना हाताने ट्रॅक करायचाच नाही, त्यांनी तुर्भ्याहून पुढे बेलापूरला जावं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली बेलापूर ते पेंधर मेट्रो स्टँडर्ड गेजची आहे, १४३५ मिलिमीटर. एचओचा तयार ट्रॅक तिला जसाच्या तसा चालतो. फक्त खडी टाकायची नाही, स्लीपर कापून रूळ सपाट काँक्रीटच्या पट्टीवर बसवायचे. संध्याकाळी बेलापूर टर्मिनलच्या फलाटावरून ही पट्टी, तिच्या कडेची गटारं आणि रूळ धरणारे पकडबोल्ट चांगले दिसतात.